पंधरा पावलं मागे

पाच किल्ल्या होत्या त्या जुडग्यात. एक घराची, एक शाळेच्या कपाटाची, दोन सायकलच्या, आणि पाचवी कशाचीच नाही… बाईंची बोटं सवयीने पर्सच्या पट्ट्याकडे गेली आणि रिकामी परत आली. जुडगा नव्हताच. मग आठवलं, सकाळी शिपाईमामा म्हणाले होते, "बाई, कपाटातले ते बोटांनी चाचपून वाचायचे उठावाचे नकाशे काढायचेत, द्या जरा," आणि पट्ट्यावरून सोडवून दिला तो दिलाच. असू दे. किल्ल्या काय पळून जाताहेत थोड्याच!

पुढे पंधरा पावलांवर काठी वाजत होती. टक्… टक्… फुटपाथच्या फरशीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काठीमागे ती सडपातळ पोरगी. अख्खी शाळा तिला 'वकील' म्हणायची, कारण 'हो' म्हणायचं असलं तरी आधी दोन मुद्दे मांडल्याशिवाय तिला राहवायचं नाही. जन्मापासून दिसत नाही, पण जिभेला हाड म्हणून नाही. शाळेचं हे शेवटचं वर्ष संपलं होतं आणि आता बसच्या थांब्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत तीन वळणं तिला एकटीने जायची होती.

वाट शिकवणं हेच बाईंचं काम. पहिला महिना मुलाच्या सोबतीने चालायचं. दुसऱ्या महिन्यात म्हणायचं, "मी थांब्यावर बसते, तू जाऊन ये," आणि मऊ तळाच्या चपला घालून गुपचूप मागे निघायचं, पंधरा पावलं मोजून. वीस वर्षं ही फसवाफसवी चालली होती आणि तिच्यात पाप नाही याची बाईंना खात्री होती. कुणाला कधी पत्ता लागला नाही. मुलं निर्धास्त चालायची आणि बाई मागून डोळ्यांत तेल घालून.

आज मात्र जीव टांगणीला होता. फाटकापाशी पोरीचे वडील उभे होते, शिंपी, खिशात प्रवेशाच्या अर्जाची घडी घालून. अर्ज द्यायचा आजचा शेवटचा दिवस. "बाई, माझी पोर आहे," काल ते म्हणाले होते, "एकदा एकटी येऊन दाखवू दे, तिथल्या तिथे सही करतो. नाही आली तर दुकानात बसून काजं-बटणं करील. बोटं सोन्यासारखी आहेत तिची. काय वाईट आहे त्यात?" त्यात वाईट काहीच नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

दुपार पेंगुळली होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले, सावल्या भिंतींच्या पायथ्याशी आखडून बसलेल्या, आणि त्या सगळ्या शांततेत ती एक काठी. बाईंना वाटलं, आपण चालत नाही आहोत, त्या आवाजाला धरून वाहत चाललो आहोत… असाच एक आवाज होता. टकटक नव्हे, टिर्रर्र… पायडल न मारता हातात धरून नेलेल्या सायकलचा. कॉलेजचा पहिला आठवडा; मी पुढे, वेण्या नीट करत, आणि मागे कुठेतरी अप्पा, आपली सायकल ढकलत, आपण मागे आहोत हे लेकीला कळत नाही अशा समजुतीत. मी एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर अप्पा ओशाळले असते. आणि मग एका दिवशी तो आवाज नव्हता. कोणत्या दिवशी? मंगळवारी की शनिवारी… पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की तो कधीचाच थांबलाय. ती पाचवी किल्ली अप्पांच्या सायकलच्या कुलपाची. सायकल गेली, कुलूप गेलं, किल्ली टाकवत नाही.

पहिलं वळण पोरीने घेतलं होतं, जरा रेंगाळून. आता दुसरं: लाँड्री. दारातून इस्त्रीची वाफ फुस्स करून बाहेर येते, गरम कापडाचा वास येतो, की डावीकडे. दोन महिने बाई हेच घोकून घेत होत्या. वाफ आली. वास आला. आणि वकील सरळ पुढे गेली.

अगं! बाईंनी हाक ओठांवरच दाबून धरली. पुढे दहा पावलांवर फुटपाथ संपून मोठा रस्ता. काठीला कड लागली, पोर थांबली, शहाण्यासारखी चार पावलं मागे येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग तिने मान वळवली. रस्त्याकडे नाही, लाँड्रीकडे नाही. कान थेट बाईंच्या दिशेला.

"बाई," घरात मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, "आज किल्ल्या कुठायत तुमच्या?"

बाईंचा हात पुन्हा रिकाम्या पट्ट्यावर गेला. मी चोर, तर ही मोर! म्हणजे हिला माहीत होतं… पहिल्या दिवसापासून? दर वळणाशी माझा जीव खालीवर व्हायचा, हात जुडग्यावर जायचा, तो वाजायचा, आणि ही वळायची. वाफ नाही, वास नाही. दोन महिने पोरगी माझी भीती पाठ करत होती. आणि बाकीची? गेल्या वर्षीचा तो उंच मुलगा, शाळेत पहिला आलेला. पंधरा दिवसांत कॉलेज सोडून घरी बसला. "तिथे वाट सापडत नाही, बाई," म्हणाला, आणि मी खुशाल तिथल्या रस्त्यांना नावं ठेवली. लाज वाटली बाईंना, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"आहात ना? बोला की."

फाटक वळणापलीकडे होतं; शिंपीदादांना इथलं काही दिसत नव्हतं. नुसतं खाकरलं तरी पुरे. पोर वळेल, पोचेल, सही होईल. आणि पुढच्या महिन्यात? रोज सकाळी कोण खाकरणार? पण गप्प राहिले आणि ती पोचलीच नाही तर…

"बरं," वकील म्हणाली, "नाही तर नाही." आवाजात राग होता, आणि थोडं हसूही. मग ती मोठ्याने, परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाली, "अहो, कुणी आहे का इथे? कॉलेजकडे कुठून वळायचं, सांगाल का?"

फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं, लाँड्रीतलं माणूसही आत इस्त्रीत गुंतलेलं. होत्या त्या एकट्या बाई. विचारायला लाजायचं नाही, विचारलं की माणूस सांगतोच, हा धडा त्यांनीच दिलेला, आणि आज सांगणारं माणूस तोंडाला कुलूप लावून उभं. रडू आलं त्यांना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

अंधारात आधी काहीच नव्हतं. मग फुस्स… इस्त्रीची वाफ. केवढी स्पष्ट! दोन महिने मुलीला ऐक ऐक म्हणून सांगितलं, स्वतः कधी ऐकलीच नव्हती. गरम कापडाचा वास गालावरून गेला. कुठेतरी नळ ठिबकत होता. खूप वेळ दुसरं काहीच नाही… आणि मग टक्. थांबून, पुन्हा टक्. काठी निघाली. वाफेकडे की वाफेपासून दूर? डोळे मिटून काही म्हणता काही कळेना. एक पापणी उचलली की कळलं असतं. बाईंनी उचलली नाही. पट्ट्यावरची बोटं आपोआप सैल झाली.

आवाज बारीक होत चालला. आपल्याही पाठीमागे कुणी नाही, अप्पांची ती टिर्रर्रही नाही, हे बाईंना तेव्हा प्रथमच कळलं, इतक्या वर्षांनी. आणि मान वळवून पाहावंसं वाटलं नाही.