न वाळलेल्या चादरी

लॉन्ड्रीच्या दोरीवरच्या चादरी सकाळपासून ओल्याच होत्या आणि वहिनीचा जीव त्यांच्यातच अडकला होता. हॉटेलची माणसं संध्याकाळी न्यायला येणार. ती सारखी जाऊन चादरीचा कोपरा चिमटीत धरून बघायची आणि आभाळाच्या नावाने बोटं मोडत परत यायची. ढग नुसते दाटून बसलेले, वाऱ्याचा पत्ता नाही. समोर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, म्हणून धुळीच्या धास्तीने खिडक्याही तिनेच लावून घेतल्या होत्या.

आत वाफेच्या इस्त्रीवर तिचा धाकटा दीर उभा होता. त्याला उकडू नये म्हणून तिने नवा कूलर त्याच्या पाठीशीच ठेवला होता. कोरड्या उन्हाळ्यात याच कूलरने सगळ्यांच्या जिवाला थंडावा दिला होता, त्यामुळे आज उकाडा वाढला तशी ती त्यात बादल्यांवर बादल्या ओतत होती. भिंतीवरचं तापमापक बाहेरच्यापेक्षा थोडं कमी दाखवत होतं आणि त्याचं कौतुक तिने नवऱ्याकडून वसूलही केलं होतं.

दीर म्हणजे पक्का थट्टेखोर. मघाशी तो म्हणाला होता, हा कूलर बंद करा, मला काय वाफवून वाढणार आहात का? तिने हसून आणखी एक बादली ओतली. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. घाम येतोय ना, मग काळजी कसली, असं तिला वाटलं.

मग त्याची बडबड थांबली. एकदा घडी घातलेली चादर त्याने उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. तिने बादली उचलत त्याला जरा बसायला सांगितलं. तो वळलाच नाही.

"आई, पाणी नको गं ओतू."

तिने बादली खाली ठेवली. सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली होती आणि ही थट्टा तो कधीच करणार नव्हता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. अंग मात्र निथळत होतं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या हवेत चादर वाळत नाही, त्या हवेत माणसाचा घाम कुठून वाळणार? आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवेल कसं? जन्म कपडे वाळवण्यात गेला आणि एवढं कळलं नाही. वर त्या कोंदट हवेत पाणी भरलं तेही आपणच.

तिच्या हाकेसरशी नवरा धावत आला, तोवर दीर डोळे मिटून खाली कोसळला होता. तापमापकाकडे बघून म्हणाला, आत तर गारवा आहे, घाबरू नकोस.

"जाळा ते तापमापक. आधी यांना उचला."

दोघांनी त्याला बाहेर ओसरीत आणून निजवलं. नवऱ्याने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पण ती खोदकामातून येणार कशी हा घोर होताच. शेजारच्या दुकानातून बर्फ आला. तिने तो मानेला, काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. भावजी, भावजी, एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. तो मेला तर त्याला आपणच मारलं, हा विचार डोक्यातून हलत नव्हता.

अ‍ॅम्ब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता, पण बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"मी कोण, सांगा बघू."

तिने वाकून विचारलं. बर्फाचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"कूलरवाली," तो पुटपुटला.

तिला रडू फुटलं. "बंद केला हो भावजी, बंद केला," ती म्हणाली, आणि तिने नवऱ्याला आत पिटाळलं, कारण कूलर अजून चालूच होता.