दुसऱ्याचं वावर

प्रकाशा गावच्या मोतीलाल पाटलांचा एक नियम आहे. नर्सरीवाला केळीचं नवं रोप घेऊन आला, की त्याचा डेमो प्लॉट पाहायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ज्याने तेच रोप पैसे मोजून घेतलं, त्याचं वावर पाहायचं, आणि तेही न सांगता. डेमो प्लॉटवर घड तीस किलोंचाच असतो. कुठल्याही नर्सरीचा असो.

त्यामुळे मुलगी दिपाली बारावीनंतर मास कम्युनिकेशनची पदवी घ्यायची म्हणाली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कोनं वावर देखानं?"

"अप्पा, ते शिक्षण शे. केळी नही."

"तेच म्हनस मी. केळीले विमा तरी ऱ्हास."

दिपालीला या विषयात गती होती, हे गावात कुणी नाकारत नव्हतं. दोन वर्षं ती रोज सकाळी केळीचे भाव व्हॉट्सॲपवर आवाजी पाठवत होती. चारशे बारा शेतकरी ते ऐकत. भाव पडले तरी तिच्या आवाजात ते जरा कमी पडल्यासारखे वाटत, असं लोक म्हणत.

तिच्यापुढे कॉलेजं दोन होती. जळगावचं अनुदानित, फी वर्षाला अठरा हजार, कॅमेरे दोन, त्यातला एक दुरुस्तीला. आणि पुण्याचं खासगी विद्यापीठ. तिथे स्टुडिओ, ड्रोन, काचेची लिफ्ट, आणि राहण्या-खाण्यासकट तीन वर्षांचे तेरा लाख. त्यातल्या दहा लाखांचं कर्ज काढायचं. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, म्हणून तापीकाठची दोन एकर लिहून द्यायची. शुक्रवारपर्यंत पंचवीस हजार भरून जागा धरायची. जागा सोडली तर पंचवीस हजार विद्यापीठाचे.

दिपालीला पुणं हवं होतं. माहितीपुस्तक उघडून ती म्हणाली, "दखा ना. सरासरी पॅकेज साडेसहा लाख."

सरासरी मोतीलालना ठाऊक होती. दहातली नऊ रोपं वाऱ्याने आडवी झाली आणि उरलेल्या एकाचा घड चाळीस किलो भरला, तरी सरासरी चार किलो येतेच.

आई रंजनाबाईंचा आक्षेप वेगळा होता. "तेरा लाख दीसन बोलाले शिकनार? हाई आठे बी गप ऱ्हास नही."

गुरुवारी दुपारी विद्यापीठाचा फोन आला. रोजच यायचा. करणारी प्रतिभा मॅडम, प्रवेश सल्लागार. मोतीलालनी स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

"नमस्कार सर! गुणवत्तेच्या खात्रीसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. दिपालीच्या उज्ज्वल भविष्याचा काय निर्णय झाला?"

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून पास झालेल्या एका मुलाचा नंबर द्या. जळगावच्या कॉलेजनं तिघांचे दिले. एक रेडिओत आहे, एक पेपरात, एक कापडाच्या दुकानात."

"सर, मी माजी विद्यार्थ्यांचे व्हिडिओ पाठवते ना."

"तो डेमो प्लॉट झाला."

मग मॅडम म्हणाल्या, "सर, मी स्वतः इथलीच विद्यार्थिनी आहे. दोन वर्षांपूर्वीचीच बॅच."

मोतीलाल खाटेवर सरळ बसले. वावर आपण होऊन घरी आलं होतं.

"गाव कोणतं तुमचं?"

"ब्राह्मणपुरी, सर."

"आपली शहाद्याजवळची?"

"हो."

"मंग सर कसाले म्हनस, बेन? काका म्हन. पगार कितला भेटस?"

यावर प्रतिभा मॅडमचा आवाज निघून गेला, त्याच्या जागी ब्राह्मणपुरीचा आला.

"काका, हाई कॉल मशीन ऐकस. मराठी समजस तिले. अहिराणी नही समजत. इचारा काय इचारनं ते."

"पगार?"

"सोळा हजार."

"हप्ता?"

"अकरा."

"मंग जेवस काय?"

"घरथून गहू-दाळ येस."

दिपाली आता फोनजवळ सरकली होती. "ताई, शिकाडतस कसं तठे?"

"शिकाडतस चांगलं. खोटं कसाले बोलू? पन मन्हा वर्गमां साठ पोरं व्हतात. दोन टीव्हीमां लागनात, त्यास्ना काका पहिलेच तठे व्हतात. चाळीस मन्हासारखा फोनवर शेतस. हाई नोकरी माले जळगाव शिकीसन बी भेटती, बेन. हप्ता नही भेटता."

मग तिने घसा साफ केला. "तर सर, शुक्रवार ही अंतिम तारीख आहे. आपलं नाव नकार म्हणून लिहू का?"

"नकार लिहिला तर?"

"मन्हा खातामां वजा व्हस," ती हळूच म्हणाली. "इचार करी ऱ्हायनात म्हना, म्हंजे हॉट लीड, येनारं गिऱ्हाईक."

"मॅडम," मोतीलाल मोठ्याने, शाळेत शिकवलेल्या मराठीत म्हणाले, "आमचा विचार चालू आहे."

फोन बंद झाल्यावर दिपाली बराच वेळ काचेच्या लिफ्टचा फोटो पाहत बसली. संध्याकाळी तिने जळगावचा अर्ज भरला. बापाशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते दुरुस्तीला गेलेला कॅमेरा कधी येणार हे विचारायला जळगावला फोन लावून द्या, म्हणून.

आज ती तिथे दुसऱ्या सत्रात आहे. केळीचे भाव आता वसतिगृहातून सांगते. कॅमेरा अजून आलेला नाही.

प्रतिभा मात्र दर गुरुवारी प्रकाशा गावी फोन करते. पहिलं वाक्य मराठीत, शेवटचं मराठीत. मध्ये ती पाटलांच्या वावराची चौकशी करते, रंजनाबाई तिला लोणचं पाठवायचा पत्ता विचारतात. मशीनच्या अहवालात दर वेळी येतं: ग्राहक उत्सुक, भाषा ओळखता आली नाही.

मोतीलाल पाटलांचा विचार अजून चालू आहे.