भोक होतं कुठे?

रफूच्या धंद्याला एक वाईट खोड आहे. काम जितकं फर्मास, तितकं ते दिसत नाही. सुताराची खुर्ची दिसते, शिंप्याचा सदरा दिसतो. पण रफू दिसला की समजावं, रफूगार कच्चा. आता अशा माणसाची जाहिरात करायची तरी कशी?

सुनेला हा प्रश्न पडला तेव्हा सासरे दुकान बंद करायच्या बेतात होते. दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा. आत एक टेबल, एक खिडकी, मान वळवता येणारा दिवा, आणि भिंगाचा चष्मा लावून बसलेले सासरे. गल्लीत त्यांना सगळे सुईकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी जळलेले कोट, कसर लागलेल्या शाली आणि खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी पूर्ववत केल्या होत्या. पण हल्ली लोक फाटलं की फेकतात. आठवड्याला दोन गिऱ्हाइकं आली तरी डोक्यावरून पाणी. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याचा गाळ्यावर डोळा होताच. काकांनी त्याला एक तारखेचा शब्दही देऊन टाकला.

सून एका ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. तिचा लिहायचा हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. तिने सासऱ्यांकडून सहा महिने मागून घेतले आणि ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं, ‘भोक होतं कुठे?’ दर आठवड्याला एक कपडा आणि त्याची गोष्ट. निकालाच्या दिवशी सिगारेटने जळलेला वकिलाचा कोट, पहिल्या पगारात घेतलेला आणि मांजराने ओरबाडलेला स्वेटर. सोबत आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढताहेत असा छोटासा व्हिडिओ. ‘फॉलोअर’ म्हणजे काय ते कळल्यावर काका म्हणाले, आमच्या वेळी असे कुणी मागे लागले की पोलिसांत जायचे.

पण मागे लागलेल्यांनी कपडे पाठवायला सुरुवात केली. आधी गल्लीतून, मग शहरातून, मग पार्सलं करून परगावाहून. गाळ्यात पाय ठेवायला जागा उरेना. एक तारीख तीनदा पुढे गेली आणि लॉन्ड्रीवाला नमस्कार करायचा बंद झाला. सुनेला इतकं भरून यायचं, की ऑफिसात कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची, माझे सासरे रफूगार आहेत.

आणि मग चौकटीच्या कोटाचं प्रकरण झालं.

कोट एका निवृत्त मास्तरांचा. बाहीला रुपयाएवढं भोक. चौकटीवर रफू म्हणजे जिवावरचं काम, कारण प्रत्येक रेघ जिथल्या तिथे जुळावी लागते. काकांना चार दिवस लागले. आधीचा फोटो काढायचा या वेळी राहूनच गेला होता. सुनेने नंतरचा फोटो काढला, भोक होतं तिथे लाल वर्तुळ काढलं आणि लिहिलं, ‘शोधून दाखवा.’

एकाने शोधलं. कापडगिरणीत उभी हयात काढलेले एक गृहस्थ होते. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि खाली लिहिलं, की या वर्तुळात सुई लागलेलीच नाही, हे मूळ विणकाम आहे. दुसऱ्याच बाहीचा फोटो लावून लोकांना फसवलं जातंय. झालं. कालपर्यंत वाहवा करणारे दोनशे लोक त्यांच्या सुरात सूर मिसळायला लागले. एका बाईंनी आपली शाल हात न लावता परत मागवली. त्या आठवड्यात एकही पार्सल आलं नाही.

सून फोन घेऊन तडक गाळ्यात गेली. काकांनी सगळं शांतपणे वाचून घेतलं, फोटो भिंगाखाली धरला आणि मान हलवली.

“बरोबर बोलतोय तो माणूस. इथे सुई लागलेलीच नाही.”

“बाबा, असं काय म्हणता?”

“भोक याच्या दोन बोटं खाली होतं, सूनबाई. तू गोल भलत्याच जागी काढलास.”

ती स्टुलावर बसली. खरं होतं. वर्तुळ काढताना तिलाही जागा सापडली नव्हती. साधारण इथेच असेल म्हणून तिने अंदाजपंचे काढलं होतं, आणि त्या अंदाजापायी चाळीस वर्षं सरळ वागलेला माणूस चार लोकांत खोटा ठरला होता. काका म्हणाले, फोटो काढून टाक, लॉन्ड्रीवाल्याला मी या एक तारखेला गाळा देऊन टाकतो. नावाला बट्टा लावून घेण्यापेक्षा दार लावलेलं बरं.

तिने फोटो काढला नाही. तिथेच बसून तिने सगळं लिहिलं: वर्तुळ चुकलं, चूक माझी, कारण मी रोज यांच्या शेजारी बसते आणि तरी मला यांचा रफू सापडला नाही. गिरणीतल्या साहेबांनी दुकानात यावं, कोट हातात घ्यावा, आणि सुलट्या बाजूने जागा दाखवावी. सापडली तर दुकान बंद.

“अगं, तुझं हसं होईल,” काका म्हणाले.

“माझं होऊ दे. तुमचं व्हायला नको.”

गृहस्थ शनिवारी आले, स्वतःचं भिंग खिशात घालून. मास्तरही आले, आपल्या कोटाचा खटला ऐकायला. गृहस्थांनी बाही खिडकीत धरली, दिव्याखाली धरली, डोळे मिटून बोटांनी चाचपली. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

काकांनी बाही उलटी केली. त्या बोटामागे कापड कोरं होतं. रफूच्या धाग्यांची बारीक टोकं निघाली ती पार पलीकडे, कोपराच्या बाजूला. गृहस्थांनी त्या टोकांवरून बोट फिरवलं, मग काकांचा उजवा हात हातात घेतला, पाहिला, आणि निरोपही न घेता निघून गेले.

त्याच रात्री त्या गृहस्थांनी ब्लॉगवर लिहिलं. सोमवारी दुकान उघडेपर्यंत ते हजारो लोकांनी एकमेकांना पाठवलं होतं. कुरिअरवाल्याने तीन फेऱ्या केल्या आणि वर, इथेच राहायला येऊ का, असंही विचारून घेतलं. लॉन्ड्रीवाला गाळा मोजायला टेप घेऊन आला, तर काकांनी त्यालाच विचारलं, तुझ्या दुकानात एक टेबल टाकायला जागा आहे का?

सून आकडे सांगत होती: इतक्या लोकांनी पाहिलं, इतकी पार्सलं आली, आता हाताखाली कुणी दोघींना घेऊन शिकवावं लागेल. काकांचं लक्ष नव्हतं.

“त्या साहेबांनी काय लिहिलंय, ते वाच जरा.”

“‘मी शोधलं. मला सापडलं नाही.’ एवढंच आहे, बाबा.”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. काकांनी चष्मा काढला आणि ते सदऱ्याच्या टोकाने तो पुसत बसले.

“इतकी वर्षं कुणाला सापडलं नाही, हे मला ठाऊक होतं गं,” ते म्हणाले. “पण आजवर कुणी शोधलंच नव्हतं.”