उतारावरची बंद गाडी

केदार गोंदियाहून बालाघाटला परतला तेव्हा दुपार कलली होती. टर्बोच्या नळीला लागणाऱ्या दोन क्लिपांसाठी त्याने अख्खा रविवार छोट्या रेल्वेत धक्के खात घालवला होता. क्लिपा पिशवीत होत्या, आणि ज्या गाडीला त्या लावायच्या ती गाडी अंगणात नव्हती.

शेजारच्या किराणा दुकानातून दुलीचंदने बसल्या जागेवरूनच वर्दी दिली. "काकाजी घेऊन गेले ना. बैहरले, साक्षगंधाले. भाड्याची जीप आलीच नाई. काकी बी संग गेली."

"बाबा? ते गाडी घेऊन गेले?"

"हौ, एकदम ठाठ में. मले म्हने, गाडी माह्या नावावर आहे, कोनाले विचारू?"

ते बैहरला मावशीकडे साखरपुड्याला गेले याची केदारला धास्ती नव्हती. जाताना घाट चढायचा असतो आणि चढाला इंजिन चालू ठेवण्यावाचून देवालाही इलाज नाही. धास्ती होती परत येण्याची.

केदारचे वडील गुणाकरराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना एक खोड होती, आणि तिचा अभिमान इतका की पाहुण्याला चहाच्या आधी ती ऐकावी लागे. गांगुलपाराच्या घाटाचा माथा आला की ते गाडी न्यूट्रल करत, चाबी फिरवून इंजिन बंद करत आणि खालच्या तलावापर्यंत गाडी तशीच घरंगळत आणत. "थेंबभर पेट्रोल नाई जळत," असं सांगताना त्यांच्या तोंडावर सरकारी तिजोरी वाचवल्याचं समाधान पसरे. त्यांना एकट्यालाच का हसायचं? त्या रस्त्यावरचे जीपवाले, टेम्पोवाले सगळे तेच करत. जुन्या मारुतीचं त्याने काही बिघडत नव्हतं. तिचे ब्रेक निव्वळ पायाच्या जोरावर चालत. इंजिन जागं आहे की झोपलंय, याची त्यांना फिकीर नव्हती.

पण ती गाडी आता जुनी राहिली नव्हती. केदार आयटीआयमध्ये पोरांना इंजिन शिकवायचा आणि घरी येऊनही त्याला इंजिनच दिसायचं. नागपूरच्या भंगार बाजारातून त्याने एका छोट्या जपानी गाडीचं टर्बोवालं इंजिन उचललं, आणि हाताला डाग, नखांना काजळी लावून महिनोन्‌महिने खपून ते बापाच्या मारुतीत बसवलं. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली. पळणारी गाडी थांबलीही पाहिजे, म्हणून त्याने मोठ्या गाडीचे ब्रेक लावले आणि त्यांच्यासोबत बूस्टर आला. बूस्टर म्हणजे इंजिनच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा एक गोल डबा. इंजिन चालू असेल तर बोटभर दाबानेही गाडी जागेवर उभी राहते. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगड होतं. पैलवानानेही त्यावर उभं राहावं, गाडी आपली चाललीच आहे.

हे गुणाकररावांना माहीत असायला हवं होतं. पण बाप-लेकात दिवाळीपासून अबोला होता.

झालं असं, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गुणाकरराव नागपूरला बहिणीकडे गेले असताना केदारने गाडी खोलली होती. परत आल्यावर त्या स्वच्छ झालेल्या डोळ्याने त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं, तर ओसरीवर पोत्यांवर मांडून ठेवलेलं आपल्या गाडीचं इंजिन. ते बायकोला एवढंच म्हणाले, "याले सांग, याच्यासंग मी आता बोलनार नाई." आणि खरंच बोलले नाहीत. केदारही त्यांचाच मुलगा, त्यानेही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून घराचा कारभार केदारच्या आईच्या, उमाबाईंच्या मार्फत चाले. तिघं जेवायला एका ओळीत बसत आणि एक म्हणे, "त्याले म्हनाव, वीजबिल भरून ये." दुसरा म्हणे, "आई, त्यांना सांग, भरलं." हाताच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांचे निरोप पोचवता पोचवता त्या बाईचा वरणभात थंड व्हायचा.

आता आईला निरोप्या केलं की काय होतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. ती निरोपातली मिरची काढून घेते. गुणाकरराव म्हणत, "त्या गधड्याले सांग, रात्रीची ठोकठाक बंद कर." ते केदारपर्यंत पोचे तेव्हा झालेलं असे, "बाबांना झोप लागत नाई रे." आणि जे निरोप मिरचीचेच असत, ते तर ती गिळूनच टाकी.

ब्रेक बसवले त्या दिवशी आपण काय निरोप दिला होता, हे केदारला शब्द न्‌ शब्द आठवलं. आई तांदूळ निवडत होती. तो म्हणाला होता, "त्यायले सांग, घाटात गाडी बंद करायची ते भिकारडी कंजुषी या गाडीत केली त मरतील." उमाबाईंनी मान वर न करता म्हटलं होतं, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. तो निरोप पोचत नसे.

साध्या शब्दांत सांगितलं असतं तर तिने ते नेलं असतं. त्याला तेव्हा बापाला टोचायचं होतं, वाचवायचं नव्हतं. हे कळून त्याला स्वतःची शिसारी आली.

दुलीचंदच्या दुकानात फोन होता. केदारने बैहरला मावशीकडे लावला. मावसबहीण पौर्णिमा बोलली. मागे सनई वाजत होती.

"काका-काकू? ते त निघाले ना दादा. जेवन झालं अन् लगेच. काका म्हने, अंधाराच्या आत घरी पोचतो."

"कधी निघाले?"

"झाला असन तासभर. अन् दादा, काकायनं सगळ्या पाहुण्यायले बोनट उघडून दाखवलं! म्हने, पोरानं घरी बसवलं हे, मेकॅनिकचा हात नाई लागला. लई खूश होते."

एरवी या वाक्यासाठी केदारने काय दिलं नसतं! आता त्याने फोन तसाच खाली टाकला. खूश असलेला गुणाकरराव घाटाच्या माथ्यावर काय करेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. चाबी फिरवेल आणि बायकोकडे बघून हसेल.

दुलीचंदची राजदूत मोटरसायकल दारात उभी होती. त्याने विचारलं नाही, दुलीचंदने अडवलं नाही.

भरवेलीपर्यंत रस्ता सपाट होता, तिथे त्याने राजदूत पिळून काढली. खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी काळी धूळ उडवली होती, डोळ्यांत चुरचुरत होतं. बसथांब्यावरची माणसं त्याच्या वेगाकडे बघून शिव्या देत होती. प्रत्येक समोरून येणाऱ्या पांढऱ्या गाडीवर त्याचा जीव टांगला जात होता. एक जीप, एक अॅम्बेसेडर, मग लग्नाच्या वऱ्हाडाची बस. त्याची मारुती नव्हती. आतापर्यंत ती घाट उतरून आली असती तर किती बरं, असं तो मनात म्हणत होता. तलाव आला तरी ती दिसली नाही. म्हणजे ती अजून वरच होती, किंवा मग घाटातच कुठे तरी. दुसरा विचार त्याने मनाच्या दारातच अडवला.

तो घाट चढायला लागला. पळस फुलून गेला होता, साग वाळले होते आणि दरी पानांशिवाय उघडी दिसत होती. आज तिचा तळ त्याला जास्तच खोल वाटला.

एका रुंद वळणावर त्याने राजदूत थांबवून बंद केली. तिच्या फटफटीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याला ऐकायचं होतं. त्याच्या गाडीचा टर्बो शिट्टी घालायचा, बारीक, दुरून ओळखू येईल अशी. ही शिट्टी ऐकू आली तर इंजिन चालू. इंजिन चालू तर ब्रेक आहेत. केदारने श्वास रोखला. वर कुठे तरी वानरं खाकरली. वाळक्या पानांत काही तरी सरपटलं. शिट्टी नव्हती.

मग रबराची नुसती सरसर ऐकू आली.

पांढरी मारुती वरच्या वळणावरून एकही आवाज न करता खाली आली. इतक्या वेगाने इतक्या गुपचूप येणारी गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. गुणाकरराव सीटला पाठ टेकून ताठ झाले होते. पेडलवर सगळं अंग घालून ते जवळजवळ उभे होते. उमाबाईंचा एक हात डॅशबोर्डवर, दुसऱ्यात मांडीवरचा मिठाईचा डबा घट्ट धरलेला. केदार रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवत ओरडला. गुणाकररावांनी त्याला पाहिलं, आणि मरणाच्या दारातही सवय सुटत नाही म्हणतात तशी, दुसरीकडे मान फिरवली.

गाडी त्याच्या अंगाला वारा घासून निघून गेली.

त्याने राजदूत उताराकडे वळवली, पण तिने पहिली किक खाल्ली नाही. दुसरीही नाही. त्याने तिला आईबहिणीवरून शिवी हासडली तेव्हा ती सुरू झाली. उतारावर गाडी त्याच्या पुढेच पळत होती, वळणांना फिरताना मागची चाकं कडेच्या मुरमात जात होती. आणि खाली, पुढच्या वळणाच्या अलीकडे, मॅंगनीजने भरलेला एक ट्रक मुंगीच्या पावलाने उतरत होता. एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ट्रकच्या शेजारून जायला जागा नव्हती.

केदारने राजदूत गाडीच्या खिडकीला भिडवली.

"बाबा! चाबी! चाबी लावा!"

गुणाकररावांनी बायकोकडे पाहिलं. घामाने त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. "काय म्हनते तो?"

दिवाळीपासून उमाबाईंनी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला, गोड करून, मऊ करून. आता त्यांनी मांडीवरचा डबा पायाशी आदळला.

"मले काय विचारता!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की केदारला राजदूतच्या आवाजातूनही ऐकू गेलं. "तुमच्यासंग बोलून राह्यला तो! त्याच्याकडं पाहा!"

गुणाकररावांनी मान वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाप-लेकाची नजर सरळ भिडली, आणि केदारला त्या डोळ्यांत निव्वळ भीती दिसली. म्हाताऱ्या माणसाची, साधी भीती.

"चाबी लावा बाबा! क्लच दाबा, तिसरा टाका, अन् क्लच सोडा!"

"लावली! तिसरा?"

"हौ, तिसरा! सोडा क्लच! सोडा!"

गाडीने हिसका खाल्ला. एकदा खोकली, अंग झाडलं आणि इंजिन पेटलं. टर्बोची शिट्टी घाटात घुमली. गुणाकररावांच्या पायाखालचं दगड झालेलं पेडल एकदम खाली गेलं आणि मारुती ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर ओरडत उभी राहिली. केदारला मात्र राजदूत आवरली नाही. तो कड्याच्या बाजूच्या मुरमात घसरला आणि गुडघा सोलून घेऊन बसला. ट्रकवाल्याला यातलं काहीच कळलं नाही. तो आपला पुढच्या वळणाआड उतरून गेला.

उमाबाई उतरल्या. त्या आधी मुलाच्या गुडघ्याकडे गेल्या, पदर त्यावर दाबला आणि मग रडू फुटलं.

"तू सांगतलं होतं मले," त्या म्हणाल्या. "म्याच नाई सांगतलं यायले. कसं सांगू? भिकारडी म्हनला होता तू. बापाले भिकारडं म्हनते का कोनी?"

केदार कड्याला धरून उठला.

"अन् तुम्ही!" त्या नवऱ्याकडे वळल्या. गुणाकरराव गाडीला धरून उभे होते. "पोरगं जीव तोडून ओरडून राह्यलं, अन् तुम्ही मले विचारता, काय म्हनते तो! माह्या तोंडात का त्याची जीभ हाये? आजपासून मी कोनाचा निरोप नेनार नाई. मरा नाई तं जगा."

वरून बैहर-बालाघाट बस येत होती. उमाबाईंनी गाडीतून डबा काढून घेतला आणि रस्त्यात जाऊन हात केला. बस थांबली. कंडक्टरने मारुतीकडे, केदारच्या गुडघ्याकडे आणि रडणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं काही विचारलं नाही. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि मागे वळून पाहिलं नाही.

बस गेल्यावर घाट एकदम रिकामा झाला. गुणाकररावांनी गाडीची चाबी मुलाच्या हातात दिली आणि ते बाजूच्या सीटवर जाऊन बसले. केदारने राजदूत ढकलत नेऊन वळणावरच्या देवीच्या ओट्यामागे कुलूप लावून ठेवली, लंगडत परत आला आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, इंजिनच्या ओढीवर गाडी उतरायला लागली. दोघं समोर बघत होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

खाली तलावाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा गुणाकररावांनी घसा साफ केला.

"इंजिन बंद झालं, त ब्रेक काहून जाते?"

हे केदार आयटीआयच्या पोरांना दर वर्षी फळ्यावर काढून शिकवत असे. आता तो नुसताच स्टिअरिंग घट्ट धरून राहिला.

"सांग ना," गुणाकरराव म्हणाले. "आता मधात तुही माय नाई."