माळ्यावरचा पाइप

“काकू, तुम्ही रोज सकाळी उठून नाचता का हो?”

ऐन शाळेच्या वेळेला, जिन्यात उभं राहून, वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोफेने हा प्रश्न विचारला. पैज लावली होती तिच्या दोन मैत्रिणींनी, चष्मिषने आणि लंबूने. वर्षभरापूर्वी हीच मुलगी वर्गात हजेरी देतानासुद्धा बाकाखाली शिरायची. यंदा वक्तृत्वाचं बक्षीस काय मिळालं, तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नाही. ‘तोफ’ हे नाव तेव्हापासूनचं, आणि तोफेला पैज लावायची म्हणजे वात पेटवून बाजूला व्हायचं, एवढंच काम.

वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू हातातली पिशवी सावरत थांबल्या. वर्षापूर्वी राहायला आलेल्या, एकट्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“नाचते? मी?”

“नाही, रोज सहा वाजले की आमच्या डोक्यावर ठक-ठक-ठक सुरू होतं ना, म्हणून म्हटलं. क्लास काढणार असाल तर आमचीही नावं लिहून घ्या!”

चष्मिष खिदळली. लंबूने तोंडात रुमाल कोंबला. समोरच्या अर्धवट उघड्या दारातूनही कुणीतरी फिसकन हसलं. काकूसुद्धा हसल्या, पण ते हसू ओठांवर जेमतेम टेकलं आणि उठून गेलं.

“बरं हं,” त्या म्हणाल्या, “जपून वावरते मी.”

घरी आईने डोळे वटारले. “मोठ्या माणसांना असं विचारतात?” पण बाबा खूश. “अगं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तीन महिने झाले, पोरीच्या झोपेचं खोबरं होतंय.” तोफ त्या दिवशी शाळेत जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती.

ठोके मात्र काही थांबले नाहीत. आठवड्याने आईने शाळेचा स्कर्ट तिच्या हातात कोंबला. “ताडासारखी वाढते आहेस. जा, काकूंकडून खालची दुमड सोडवून आण. आणि नीट बोल.”

काकूंच्या दारात चप्पल काढतानाच तोफेला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. खोलीत आवाजच नव्हता. शिलाई मशीनवर कापडाचं झाकण, मशीनखाली चौघडी केलेली रजई. खुर्चीच्या चारही पायांना जुने मोजे चढवलेले. आणि काकू खिडकीपाशी जमिनीवर बसून, डोळे बारीक करून, एका झग्याला हाताने टाके घालत होत्या.

“मशीन बिघडलं का?”

“छे गं, चांगलं आहे की. पण सकाळी लावत नाही मी आता. दुपारनंतर लावते, तुम्ही कुणी घरात नसता तेव्हा.” त्या अगदी सहज बोलल्या. “ऑर्डर जरा मागे पडतात, पण चालायचंच.”

तेवढ्यात खालच्या खिडकीतून भांड्यांचा खडखडाट, आईच्या भाजी धुण्याचा, धो-धो नळाचा आवाज वर आला. नळ बंद झाला. आणि काकूंच्या पायांखालून आवाज आला, ठक, ठक, ठक.

काकूंची सुई हवेत थांबली. त्यांनी दचकून तोफेकडे पाहिलं. “मी नाही हं!”

आईपेक्षाही वयाने मोठी बाई. आणि एका शाळकरी पोरीसमोर, वर्गात खडू फेकल्याचा आळ आलेल्या मुलीसारखी दोन्ही हात पुढे करून म्हणत होती, मी नाही हं.

खाली पुन्हा नळ सुरू झाला, पुन्हा बंद झाला. पुन्हा ठक, ठक, ठक. तोफेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘काकू, हा तर आमचाच आवाज आहे,’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. स्पर्धेत सात मिनिटं न अडखळता बोलणाऱ्या मुलीला ते जमलं नाही. स्कर्ट ठेवून ती जी खाली पळाली, ती थेट माळ्यावर चढली.

“काय शोधतेस गं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“जुन्या वह्या!”

वह्यांचे खोके सरकवले तशी मागची भिंत दिसली. स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत जाणारा पाइप तोफेच्या खोलीच्या अगदी छताला लागून गेला होता. त्याला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी दोन नुसत्या लोंबत होत्या. आईने नळाची दांडी खाली पाडली आणि तोफेच्या डोळ्यांदेखत पाइपने टोपलीतल्या जिवंत मासळीसारखी उडी मारली, तीनदा छतावर आपटला आणि साळसूदपणे गप्प झाला.

आणि तो दांडीचा नळ कुणाच्या हट्टाने आला होता? तिच्याच. “फिरवायचे नळ आता कुणाकडे असतात का!” म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिने घर डोक्यावर घेतलं होतं. जुना नळ हळूहळू बंद व्हायचा. हा एका झटक्यात पाणी तोडायचा, आणि धावत आलेलं पाणी तो सगळा धक्का पाइपला द्यायचं. आणि आई रोज सकाळी सहालाच याच नळावर कामाला लागायची.

मग तोफेने मनात एक हिशोब मांडला. गुपचूप दुरुस्त करून टाकू. आवाज गेला की विषय संपला. कुणाला काही सांगायलाच नको.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेलेली पाहून ती पेचकस घेऊन वर चढली. स्क्रू पिळले ते इतके, की स्क्रू धरणारी एक गुट्टी भिंतीतल्या चुन्यासकट तिच्या केसांत पडली. उरलेल्या पट्ट्यांनी पाइप असा आवळला गेला, की ठोके जाऊन कण्हणं सुरू झालं, जणू भिंतीलाच दाढदुखी झाली आहे. शेवटी नाक्यावरचा हार्डवेअरवाला गाठला.

“गळा कशाला दाबतेस पाइपचा?” तो हसला. “मोठी गुट्टी घे. सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टीच्या आत गुंडाळ, आणि घट्ट बसेल इतपतच पिळ. सिंकखालचा कॉकही थोडा बंद कर, पाण्याचा जोर कमी होईल. कुणाचं घर आहे?”

“आमचंच,” तोफ म्हणाली, आणि हे साधं उत्तर देतानाही तिची मान खाली गेली.

रबर बसलं. बाजारातून परतलेल्या आईने खाली नळ पाडला. शांत. पुन्हा पाडला. शांत. तोफेने माळ्यावरच बसून जाळ्यांनी भरलेले हात झटकले. आतापर्यंत कुठलीही गोष्ट जमली की ती घरभर नाचायची. आज तिला खाली उतरावंसंही वाटेना.

चार दिवसांनी, संध्याकाळी, बाबा चहा घेताना छताकडे बघून म्हणाले, “आमच्या तोफेचा गोळा बरोबर लागला. बघा, अक्कल आली बाईंना. आवाज गायब!”

आई काही बोलणार तोच बेल वाजली. दारात काकू, हातात स्कर्ट. दुमड मशीनवर नव्हे, हाताने घातलेली, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक.

“आता येत नाही ना गं आवाज?” त्यांनी काळजीने विचारलं. “मी चपलासुद्धा घालत नाही घरात. तुझा अभ्यास असतो, झोप मोडायला नको.”

“आता अगदी छान!” बाबांनी मागूनच पावती दिली.

काकूंच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं दिसलं, आणि तेच तोफेला सोसलं नाही. काकूंनी न केलेला गुन्हा जणू कबूल झाला होता, शिक्षाही भोगून झाली होती. तिने तो पाइप दुरुस्त केला आणि काकूंवरचा आळ पक्का करून टाकला. आता तर पुरावाही उरला नव्हता. तोंड उघडेपर्यंत काकू वर गेल्या, अनवाणी पावलांनी, पायरीचाही आवाज न करता.

तोफेने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून सगळं सांगितलं. नळ, पाइप, गुट्टी, रबर, मोजे घातलेली खुर्ची आणि ‘मी नाही हं’. बाबांचा चहा निवला. आईने स्कर्टची दुमड बोटांनी चाचपून पाहिली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“अगं पण झालं ना आता दुरुस्त,” बाबा म्हणाले. त्यांची नजरही छतावरून खाली आली होती. “कधी भेटल्या की मी बोलेन त्यांच्याशी. कशाला उगाच उकरून काढायचं?”

“बाबा, मी जिन्यात विचारलं होतं. सगळे हसले होते.” तोफ थांबली नाही. “उद्या सकाळी मी माळ्यावर चढून ती रबरं काढणार आहे. आवाज परत आला की काकूंना खाली बोलावणार आणि नळाची दांडी त्यांच्याच हातात देणार. त्यांना कळू दे कोण नाचत होतं ते. मग शाळेच्या वेळेला, त्याच पायरीवर, चष्मिष आणि लंबूसमोर, तेवढ्याच मोठ्याने माफी मागणार. रबरं त्यानंतर बसवीन. आणि तुम्ही दोघंही दार उघडून उभे राहायचं.”