आर्दब्रेकचा पेट्रोल पंप

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोल पंप आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, आर्दब्रेक गावात, डोलिना मॅकायच्या दुकानासमोर मी उभा आहे. तिच्या वडिलांनी मला इथे बसवलं, तेव्हा ट्रॅक्टरांची रांग लागायची. पुढचा पंप चाळीस मैलांवर, त्यामुळे माझं फार कौतुक होतं. आता दिवसाला दोन-तीन गाड्या येतात. बाकीचे शहरात खरेदीला जातात आणि तिथेच टाकी भरून येतात.

या जानेवारीत सरकारी पत्र आलं. माझी तपासणी होणार, नापास झालो तर कायमचं कुलूप. तेव्हापासून अनोळखी गाडी थांबली की मला वाटतं, तपासणी करणारेच आले.

त्याच आठवड्यात बर्फानं विजेच्या तारा तुटल्या. दुपारी गावची नर्स इशबेल घाईघाईनं आली.

"डोलिना, पेट्रोल दे. माझा पेशंट लॅकलन, त्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. जवळचा सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरेल, त्याला हॉस्पिटलात न्यायचंय."

"अगं, विजेशिवाय पंप कसा चालेल?"

"हातानं चालायचा ना?"

"बाबा गेल्यापासून तो दांडा कुणी फिरवला नाही."

तरी डोलिनानं कोळशाच्या पोत्यांमागून दांडा शोधून आणला. मी घाबरलो. आतली चाकं गंजलेली, मोडलो तर? दहा फेऱ्या झाल्या, नुसती हवा.

"म्हाताऱ्या, आज हट्ट नको करूस," डोलिना धापा टाकत मला म्हणाली.

"सरक, मी फिरवते. तू नळी धर," इशबेल म्हणाली.

आणखी सहा फेऱ्या, आणि पेट्रोल आलं. गाडी गेली, पण माझा जीव टांगणीला लागला. माझी टाकी जुनी. तिच्यात पाणी उतरलं असेल तर गाडी बर्फातच बंद पडेल. रात्रभर मी रस्त्याकडे बघत राहिलो.

सकाळी इशबेल परतली. "लॅकलन सुखरूप आहे. तिथला चहा पांचट म्हणून नर्सशी भांडतोय."

डोलिना हसली. इशबेल मात्र खाली बघत होती.

"एक सांगू? मीही शहरातच टाकी भरते. यावेळी विसरले, म्हणून तुझ्याकडे आले."

डोलिनानं माझी नळी पुसून जागेवर अडकवली.

तपासणी परवा आहे. मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं छोटं दुकान असेल, पोस्ट असेल, वाचनालय असेल. अडचण येईपर्यंत वाट पाहू नका. काही अडलेलं नसतानाही तिथे जात जा.