अर्ध्या दिवसाची पदवी

थोरली जाऊ पाणी खात्याच्या तक्रार खिडकीवर बसायची आणि धाकटी त्याच कचेरीच्या प्रशिक्षण विभागात. एका घरात राहूनही दोघींना निवांतपणा मिळायचा तो संध्याकाळी, भाजी निवडताना, आणि त्यातला निम्मा जांभयांत जायचा.

त्या वर्षी धाकटीच्या गळ्यात नवं काम पडलं. नोकरी न सोडता कर्मचाऱ्यांना पदवी मिळावी, त्यांचं रोजचं कामच अभ्यासात धरलं जावं, असा अभ्यासक्रम आखायचा. तिने जीव ओतला. मनातल्या मनात पहिली जागा तिने थोरलीला देऊनही टाकली, कारण सासऱ्यांच्या आजारपणात थोरलीचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं होतं.

विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणाले, आठवड्यातला एक दिवस तरी मोकळा हवा. नुसतं काम करून शिकणं होत नाही, केलेल्या कामावर विचारही करावा लागतो. खात्याचे साहेब म्हणाले, "बाई, माणसं आहेत कुठे? एक उठला की खिडकी बंद." बैठकांवर बैठका झाल्या. जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. शेवटी अर्ध्या दिवसावर तडजोड झाली. त्या अर्ध्या दिवसात खुर्ची कोण सांभाळणार, ते मात्र कुणीच बोललं नाही.

"वहिनी, तुमचं नाव देते," धाकटीने घरी येऊन सांगितलं.

थोरली मटार सोलत राहिली. "नको गं."

"का? तुमच्यासाठीच तर एवढं केलं."

"मला विचारलं होतंस? दिवसभर लोकांचं ऐकून डोक्याचा भुगा होतो. वर आज काय शिकले ते लिहीत बसू? तेवढा जीव नाही राहिला माझ्यात."

धाकटीला लागलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने थोरलीच दारात आली. "शेजारच्या खिडकीवरच्या मौनीबाबाला घे. तोंड उघडत नाही, पण शिकायची हौस आहे त्याला. त्याची खिडकी बघेन मी."

मग दर बुधवारी दुपारी थोरली दोन रांगा ओढू लागली. लोक करवादायचे, ती ऐकून घ्यायची. घरी आली की चपलांसकट पलंगावर पडायची. तिच्या वाटणीची भांडी धाकटी घासायची.

मौनीबाबाने अभ्यासाला विषय घेतला, तीच माणसं तीच तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा का येतात? निघालं ते साधंच. दुरुस्ती कधी होणार हे खिडकीला कुणी कळवतच नव्हतं, म्हणून लोक विचारायला खेटे घालत. त्याने दुरुस्तीवाल्यांना रोज सकाळी फोन करायची पद्धत पाडली. प्राध्यापकांनी बरे गुण दिले. रांगही आखडली, पण फार नाही.

इकडे धाकटीने साहेबांकडे बदली माणसासाठी हेलपाटे घातले. त्यांनी अखेर एक बाई दिली, तीही फक्त बुधवारी दुपारी आणि पुढच्या तुकडीपासून.

धाकटी हे सांगायला आली तेव्हा थोरली पलंगावर बसून स्वतःचाच पाय दाबत होती.

"आता तरी याल का, वहिनी?"

"तू काही पिच्छा सोडायची नाहीस." थोरलीने डोळे मिटले. "दे नाव. पण मला पहिल्या बाकावर बसवू नका. झोप लागते मला."

हसण्याचंही त्राण दोघींत नव्हतं. धाकटी पायथ्याशी टेकली, थोरलीचा दुसरा पाय तिने मांडीवर घेतला आणि चेपायला लागली.